पेटीवर कोण बसले आहे?

पिंक फ्लॉइड या इंग्रज वाद्यवृंदाविषयी आपल्याकडे जेव्हा जेव्हा काही लिहिले गेले, तेव्हा तेव्हा लिहिणाऱ्याची लेखणी एक तर सिड बॅरेटच्या चित्तभ्रमापाशी थबकली, नाही तर रॉजर वॉटर्स आणि डेव्हिड गिल्मोर यांच्या भाऊबंदकीपाशी. आणि ज्या नादासाठी जगाने या मंडळीला डोक्यावर घेतले, तो नाद कोणाच्या बोटांतून आणि कोणत्या यंत्रांतून निघाला, हा मूळ प्रश्न मात्र दप्तरी दाखल होऊन पडून राहिला. गेली चाळीस वर्षे मी तो जमेल तेथे उपस्थित करीत आलो आहे, आणि माझे उत्तर या अवधीत बदललेले नाही. त्या उत्तराचे नाव रिचर्ड राइट.

हा प्रश्न खरे तर माझाही नव्हे. माझे एक मामा ऐन तारुण्यात एका नाटक मंडळीत ऑर्गन वाजवीत असत, आणि मंडळी मोडल्यानंतरही पायपेटीवरचा त्यांचा जीव सुटला नव्हता. 1970 नंतरच्या दशकात, काळा घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाउसमध्ये ऐकून ऐकून मनात भरलेली ‘मेडल’ ही तबकडी मी घरी आणली आणि तिची दुसरी बाजू, जिच्यावर ‘एकोज’ ही एकच तेवीस मिनिटांची रचना आहे, मोठ्या उत्साहाने मामांपुढे लावली. इंग्रजी गाणे त्यांनी त्यापूर्वी कधी लक्ष देऊन ऐकले नव्हते. पहिली पाचसहा मिनिटे डोळे मिटून ते स्तब्ध बसले, आणि मग गिटारविषयी नाही, गळ्याविषयी नाही, शब्दांविषयी तर नाहीच, एवढेच विचारले, “अरे, पेटीवर कोण बसलाय?” तबकडीच्या वेष्टणावरचे नाव मी वाचून दाखवले. “मंडळी त्याच्या जिवावर चाललीय,” ते म्हणाले, आणि तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावण्याचा हुकूम झाला.

राइट, वॉटर्स आणि ढोलवादक निक मेसन हे तिघे लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये वास्तुशास्त्र शिकण्यासाठी एकत्र आले, हा इतिहास वाचकांना ठाऊक आहेच. राइटने ते शिक्षण लवकरच सोडले आणि संगीताची वाट धरली. सुरुवातीच्या वर्षांत त्याच्यापुढे जे वाद्य असे ते फार्फिसा कंपनीचे ‘कॉम्पॅक्ट ड्युओ’, म्हणजे दोन पट्ट्यांचा इटालियन विद्युत ऑर्गन. ही फार्फिसा मुळात अ‍ॅकॉर्डियन बनवणाऱ्या कारखान्यांचा संघ होती, आणि अ‍ॅकॉर्डियन म्हणजे आपल्या पेटीचेच भावंड. वारा तोच, जिभाही त्याच. मामांना पहिल्याच ऐकण्यात जे नाते उमगले, ते असे वाद्याच्या कुळातच होते.

परंतु फार्फिसाचा निव्वळ सूर किरटा, काहीसा नाकातला. त्याला भारदस्तपणा दिला तो मिलानच्या बिन्सन कारखान्यातून आलेल्या एकोरेक नावाच्या प्रतिध्वनियंत्राने, आणि या यंत्रापाशी मला थोडे थांबलेच पाहिजे. त्या काळच्या बहुतेक प्रतिध्वनियंत्रांत चुंबकीय फीत फिरत असे. ती झिजे, ताणली जाई, ऐन कार्यक्रमात तुटे. बिन्सनने फीत काढून टाकली आणि तिच्या जागी पोलादी तार गुंडाळलेले एक गोल चाक बसवले, ज्याच्या परिघाभोवती आवाज नोंदणारे एक हेड आणि तो निरनिराळ्या अंतरांवर परत वाचणारी चार हेडे मांडलेली असत. चाक फिरे ते रबरी चाकाच्या घर्षणाने, त्यामुळे त्याच्या गतीत किंचित हेलकावा राही आणि परतून येणारा सूर मूळ सुरापेक्षा केसभर हलता, केसभर धूसर असा येई. तंबोऱ्याच्या जवारीत जे सुख आहे त्याच जातीचे हे सुख होय. सिड बॅरेटने आपली गिटार या यंत्रातून वाजवली, पुढे गिल्मोरने तोच वारसा चालवला, ‘वन ऑफ दीज डेज’ या रचनेचा आरंभ करणारी ती दणकट बास गिटारही त्यातूनच आली. पण यंत्राचा स्वभाव ओळखून, दोन सुरांमध्ये त्याला बोलण्यास अवकाश ठेवून वाजवणारा मनुष्य त्या मंडळीत एकच होता.

12 मे 1967 रोजी लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये झालेल्या ‘गेम्स फॉर मे’ या कार्यक्रमात राइटपुढे आणखी एक नवल ठेवलेले होते. त्याचे नाव अ‍ॅझिमथ को-ऑर्डिनेटर. अ‍ॅबी रोड स्टुडिओतील बर्नार्ड स्पाइट या तंत्रज्ञाने ते घडवले होते. सभागृहाच्या चार कोपऱ्यांत कर्णे आणि राइटच्या हाताशी एक दांडा. दांडा ज्या दिशेस कलवावा त्या दिशेस ध्वनी श्रोत्यांच्या माथ्यावरून चालत जाई. पहिले यंत्र त्या कार्यक्रमानंतर चोरीस गेले, मग दुसरे करून घेण्यात आले, आणि तेही चालवण्याचा अधिकार राइटकडेच राहिला. सबंध मंडळीने आपला नाद फिरवण्याची मुखत्यारी ज्याच्या स्वाधीन केली, त्याला ‘साथीदार’ म्हणून एका ओळीत निकालात काढणाऱ्या लेखकांनी या एका गोष्टीचा तरी खुलासा करावा.

1968 ते 1970 ही वर्षे मी झपाट्याने ओलांडतो. बॅरेट गेला, गिल्मोर आला, दोनतीन चित्रपटांना संगीत दिले गेले, एक तबकडी सगळ्यांनी वाटून घेतली, दुसरीवर पितळी वाद्ये आणि गायकवृंद आणला. यांत प्रयोग पुष्कळ आहेत, परंतु पुन्हा पुन्हा ऐकावे असे थोडे.

मग येते 1971 आणि ‘एकोज’. तिच्या आरंभी जो एकटा, थेंबासारखा सूर वाजतो, तो पियानोवरचा एक स्वर लेस्ली कर्ण्यातून नेऊन मिळवलेला. या कर्ण्यात ध्वनीचे तोंडच गोल फिरते, त्यामुळे सूर जवळ येतो, दूर जातो, थरथरतो. प्राथमिक ध्वनिमुद्रणात हा सूर सहज लाभला, आणि नंतर अद्ययावत स्टुडिओत कितीही खटपट केली तरी तो पुन्हा मिळेना. तेव्हा ते पहिले, कच्चे मुद्रणच अंतिम रचनेत वापरावे लागले, असे मेसनने आपल्या आठवणींत नमूद केले आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात एड्रियन मेबन या दिग्दर्शकाने पाँपेईच्या भग्न रंगमंडलात, एकही श्रोता नसताना, ही मंडळी वाजवताना चित्रित केली. त्या चित्रपटातील राइटचे हात पाहावेत. कोठेही दाटी नाही, कोठेही धावपळ नाही. गायकाने श्वास घेतल्यावर ऑर्गनने जागा भरावी आणि तो पुन्हा गाऊ लागताच मागे सरावे, ही आपल्या नाट्यसंगीतातील कुलीन वहिवाट तेथे एक इंग्रज तरुण जन्मजात असल्यासारखी पाळतो आहे.

‘द डार्क साइड ऑफ द मून’विषयी (मार्च 1973) इतके लिहिले गेले आहे की यंत्रांची यादी देऊन मी कोणाचा वेळ घेणार नाही. नाण्यांच्या खणखणाटाचे फितीचे वेटोळे सर्वांना माहीत आहे, ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या दुकानात टिपलेले ठोकेही माहीत आहेत, आणि आठ सुरांची सुरावट सिंथी या सिंथेसायझरमध्ये भरून ती अफाट वेगाने फिरवली की ‘ऑन द रन’ तयार होते, हेही आता शाळकरी मुले सांगतात. हा सारा सरंजाम अद्भुत खरा, पण या तबकडीला जे हृदय आहे ते त्यात नाही. ते आहे ‘ब्रीद’मधील एका स्वरसमूहात, जो आपण माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’वरून घेतला असे राइट मोकळेपणाने सांगत असे; ते आहे ‘अस अँड देम’मध्ये, जिची चाल त्याने मुळात अँतोनियोनीच्या ‘झाब्रिस्की पॉइंट’ या चित्रपटासाठी पियानोवर बांधली होती आणि दिग्दर्शकाने ती नाकारली होती; आणि सर्वांत अधिक ते आहे ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मध्ये. राइटच्या पियानोवर क्लेअर टॉरी या गायिकेने एकही शब्द न उच्चारता जे गायले त्याबद्दल तिला त्या दिवशी 30 पौंड मिळाले, आणि रचनाकार म्हणून तिचे नाव लागण्यास 2005 सालचा समझोता व्हावा लागला. ही तबकडी अमेरिकेतील खपाच्या यादीत 1988 पर्यंत एकूण 741 आठवडे राहिली.

आता गिटारभक्तांविषयी. गिल्मोर हा थोर वादक आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. हायवॉटचे शंभर वॅटचे अ‍ॅम्प्लिफायर, बिग मफ, ती काळी स्ट्रॅटोकास्टर, हे सारे आदरास पात्रच आहे. परंतु ती गिटार 2019 मध्ये लिलावात जवळजवळ चाळीस लक्ष डॉलरांना गेली, तेव्हा ‘पिंक फ्लॉइडचा आवाज विकला गेला’ असे जे लिहिले गेले, ते मला मान्य नाही. गिल्मोरचा एक दीर्घ सूर आकाशात तरंगतो, कारण त्याच्याखाली हॅमंड ऑर्गनचे आकाश कोणीतरी पसरून ठेवलेले असते. ते काढून घेऊन तीच गिटार ऐका.

1975 च्या ‘विश यू वेअर हिअर’ची अखेर राइटने एकट्याने रचलेल्या भागाने होते, आणि सूर विरत जाता जाता तो मिनीमूग या सिंथेसायझरवर बॅरेटच्या 1967 मधील ‘सी एमिली प्ले’ या गाण्याची चाल हलकेच वाजवून जातो. हरवलेल्या मित्राला एवढ्या अबोलपणे वाहिलेली श्रद्धांजली मला दुसरी ठाऊक नाही. चारच वर्षांनी, ‘द वॉल’च्या निर्मितीत, याच माणसाला मंडळीतून काढण्यात आले आणि पुढील दौऱ्यात त्याला ठरावीक वेतनावर तैनात केले गेले. त्यानंतरच्या, त्याच्या नावाशिवायच्या ‘द फायनल कट’मध्ये शब्द धारदार आहेत, पण मला तेथे श्वास घेण्यास हवा मिळत नाही. 2007 च्या फेब्रुवारीत वॉटर्स मुंबईत आला, ‘डार्क साइड’ सबंध वाजली, मैदानातील तरुण मुलांनी प्रत्येक शब्द म्हटला. मी मात्र सारा वेळ पेटीकडे पाहत होतो, आणि तेथे तो नव्हता. पुढल्या वर्षी 15 सप्टेंबरला तो निवर्तला.

आज बिन्सनचा प्रतिध्वनी संगणकात मिळतो, हेलकावा किती हवा तेही आकड्याने ठरवता येते, आणि रबराचे चाक झिजण्याची चिंता कोणाला उरलेली नाही. माझे दुःख त्याचे नाही. दुःख याचे की तबकडीच्या वेष्टणावर ध्वनिमुद्रकापासून पाठीमागे गाणाऱ्या मुलींपर्यंत प्रत्येकाचे नाव छापलेले असे आणि आम्ही ते पाठ करीत असू. आता फोनवर गाणे लागते, चित्र दिसते, आणि पेटीवर कोण बसले आहे हे विचारण्याची सवयच नाहीशी झाली आहे. आपल्या संगीत नाटकांच्या जाहिरातींतही ऑर्गनवाल्याचे नाव मला हल्ली शोधावे लागते.

2014 मध्ये ‘द एंडलेस रिव्हर’ आली. ती मुख्यत्वे राइटने 1993-94 मध्ये वाजवून ठेवलेल्या सुरांवर उभी केली आहे, आणि तिच्यात मध्येच एक छोटा तुकडा आहे: 1969 साली रॉयल अल्बर्ट हॉलच्या भव्य नळ्यांच्या ऑर्गनवर बसून पंचविशीतल्या राइटने छेडलेला. पंचेचाळीस वर्षे तो कोठेतरी फितीवर पडून होता. मामांची पायपेटी माझ्याकडे आहे. भाता फाटला आहे, तीन स्वर मुके आहेत. हा तुकडा मी प्रथम ऐकला तो तिच्यासमोर, तिचे झाकण उघडे ठेवून.