हिमनगरींतील चाकरी

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण सह्याद्रीच्या पायथ्याशीं जन्मली असली, तरी कॅनडाच्या पश्चिमेकडील व्हिसलर गांवीं हिवाळाभर चाकरीस राहणाऱ्या तरुणांसहि ती पटेल.

हें गांव व्हॅंकूव्हर शहराच्या उत्तरेस सुमारें १२० किलोमीटरांवर आहे. तेथील पर्वताचें पूर्वींचें नांव ‘लंडन’ होतें. परंतु त्यावर राहणारा मार्मट नांवाचा प्राणी शीळ घालतो, म्हणून ‘व्हिसलर’, म्हणजे शीळ घालणारा, हें नांव रूढ झालें. पायांस लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा स्कीइंग हा खेळ तेथें १९६६ सालीं सुरू झाला. १९७५ सालीं गांवास स्वतंत्र नगरपालिका मिळाली, आणि पुढें जेथें पूर्वीं कचरा टाकीत, तेथेंच आजची बाजारपेठ उभी राहिली. २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकांतील डोंगरउताराच्या शर्यती येथेंच झाल्या.

या वैभवाचा भार वाहतात कोण? ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, जपान इत्यादि देशांतून कामाचा तात्पुरता परवाना घेऊन आलेलीं विशी-पंचविशींतील मुलें-मुली! तारेवरील पाळण्यांत पाहुण्यांस बसविणें, चढण्याच्या जागेवरील बर्फ फावड्यानें ओढणें, खोल्या झाडणें, बशा धुणें, हीं त्यांचीं कामें. बर्फाचे कडे अवचित कोसळून माणसें गाडलीं जाऊं नयेत, म्हणून डोंगरावरील अनुभवी रक्षक सुरुंग लावून ते आधींच पाडतात. वेतन बेताचें, पण हंगामभर डोंगरावर खेळण्याचा पास बहुधा मिळतो, आणि त्याच मोहानें ही मंडळी येते.

थंडीचा उपाय लोंकरींत आहे; खरी अडचण छपराची. गांवांतील पुष्कळ घरें धनिकांनीं सुटीसाठीं घेतलेलीं. तीं बराच काळ कुलुपबंद असतात, आणि राबणारा मनुष्य मात्र एका खोलींत तिघा-चौघांसह दाटीनें राहतो. ही विपरीत स्थिति ओळखून १९९७ सालीं तेथें कामगारांच्या घरांसाठीं एक स्वतंत्र मंडळ स्थापन झालें. भाडें व किंमत यांवर मर्यादा घालून घरें राखावीं, आणि निदान शेंकडा ७५ कामकऱ्यांस गांवाच्या हद्दींतच निवारा मिळावा, असें धोरण ठरलें. चुलीशीं राबणाऱ्यास ज्या घरांत पाठ टेकावयास जागा नाहीं, तें घर फार दिवस टिकत नाहीं, हें त्या गांवास उमगलें.

आतां वाचकांपाशीं एक कबुली द्यावयाची आहे. प्रस्तुत लेखकानें वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांकडून श्रमप्रतिष्ठेवर निबंध लिहून घेतले. परंतु स्वतःचें उष्टें ताट घरीं कधीं उचललें नाहीं. त्या हिमनगरींत पदवीधर मुलगा दिवसा बशा धुतो आणि रात्रीं त्याच हातांनीं आईस पत्र लिहितो. त्यास त्यांत लाज वाटत नाहीं. उद्यां आपल्या घरांतील कोणी अशा चाकरीस जाऊं म्हणेल, तर ‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न बाजूस ठेवावा. निजावयास जागा कोठें, कराराचा कागद कोणता, आणि हाड मोडल्यास औषधपाण्याचा खर्च कोणाचा, हे तीन प्रश्न मात्र अवश्य विचारावे. उत्तरें नीट मिळालीं, तर आशीर्वाद देऊन पाठवावें. तो परतेल तेव्हां निदान आपलें ताट तरी आपण उचलील.