संघ म्हणजे नेमकं कोण? कोल्हापूरच्या तालमी आणि फुटबॉल



तत्त्वज्ञानाच्या मास्तराने फुटबॉलवर बोलायचं म्हटल्यावर संयोजकांच्या चेहऱ्यावर थोडी शंका दिसली होती. ती रास्तच आहे. आम्ही फुटबॉलला पाय लावला असेल तर तो मैदानाबाहेर आलेला चेंडू परत ढकलण्यापुरताच. पण वर्गात आयुष्यभर एक प्रश्न शिकवत आलो. वस्तू बदलत राहते, तरी ती ‘तीच’ आहे असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो? त्याचं फार चांगलं उदाहरण पुस्तकात नाही, कोल्हापुरात आहे. म्हणून आजचा विषय.

आधी नावं ऐका. पाटाकडील तालीम मंडळ. खंडोबा तालीम मंडळ. दिलबहार तालीम मंडळ. बालगोपाल तालीम मंडळ. उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. कुणाला वाटेल, ही कुस्तीच्या फडाची यादी आहे. तर नाही, हे फुटबॉलचे संघ आहेत. यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ आहे, प्रॅक्टिस क्लब आहे, फुलेवाडी आहे. जगात फुटबॉल क्लब कुठून निघाले? कुणी गिरणीतून निघाला, कुणी रेल्वेच्या कारखान्यातून, कुणी चर्चमधून, कुणी कॉलेजातून. कोल्हापुरात तो तालमीतून निघाला. ही गोष्ट साधी नाही.

तालीम म्हणजे काय, हे संगमनेरकरांना सांगायला नको. तांबड्या मातीचा हौद, मारुतीची तसबीर, कोपऱ्यात करेल आणि जोडी. पण कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे, ती पेठेची बैठक आहे. गणपती तिथेच बसतो, आणि कित्येक तालमींमध्ये मोहरमचे पंजेही तिथेच बसतात. लग्नाला माणसं लागली, मयताला खांदेकरी लागले, पुरात मदत लागली, की हाक तालमीलाच जाते. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. 1902 साली ते विलायतेला गेले, वाटेत रोमचं जुनं प्रेक्षागृह पाहिलं, आणि त्यातून पुढे खासबाग मैदान उभं राहिलं, असं सांगतात. म्हणजे अंग कमवायचं, आणि ते चार लोकांसमोर पणाला लावायचं, ही रीत त्या गावात फुटबॉलच्या आधीपासून होती.

फुटबॉल आपल्याकडे आणला गोऱ्या पलटणींनी. शिमल्याची ड्युरँड स्पर्धा 1888 सालची. 1911 साली मोहन बागानने अनवाणी पायांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असं हरवलं आणि हा खेळ आपलाही आहे हे देशाला कळलं. कोल्हापुरात तो रुजला तो संस्थानी काळात, आणि रुजताना त्याने नवं घर बांधलं नाही. तो तालमीत भाडेकरू म्हणून आला आणि घरचाच होऊन बसला. पैलवानाचं नाव जसं तालमीवरून सांगायचं, तसं खेळाडूचंही सांगायला लागले. आजही तिथला सगळा कारभार कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन पाहते, लोक तिला ‘केएसए’ म्हणतात. पावसाळा सरून थंडी पडली की राजर्षी शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू होतो. आधी लीग, मग उन्हाळ्यापर्यंत एकामागून एक चषक.

आम्ही एकदा पेपर तपासायच्या कामाला विद्यापीठात गेलो होतो. संध्याकाळी रिक्षा करून स्टँडवर निघालो, तर रिक्षावाले दादा म्हणाले, “सर, तिकडनं नगं, आज मॅच हाय.” कोणाची, म्हणून विचारलं. तर म्हणाले, “आमची.” आम्ही विचारलं, तुम्ही खेळता का? ते हसले. “मी न्हाई ओ. आमची तालीम.”

हा ‘आमची’ शब्द तिथेच आमच्या डोक्यात बसला. कोणाची? कशी आमची?

बघा, गेल्या काही वर्षांत तिथे बाहेरचे खेळाडू आले. पुण्या-मुंबईचे, गोव्याचे, अगदी आफ्रिकेतले नायजेरियन खेळाडूसुद्धा. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं, मग वादही झाला. पेठेतल्या पोराची जागा जाते, पैसा वाढतो, असं एक म्हणणं. खेळ सुधारतो, आपली पोरं शिकतात, हे दुसरं. पुढे बाहेरच्या खेळाडूंच्या संख्येवर बंधनं घालावी लागली. पण आपला प्रश्न वेगळाच आहे. अकरातले काही खेळाडू पेठेबाहेरचे असले, तर तो संघ ‘तोच’ राहतो का?

याचं उत्तर शोधायला आपण ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथाकडे जाऊ. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा तो संवाद. नागसेन विचारतात, राजा, तू रथातून आलास, तर रथ दाखव. चाक म्हणजे रथ का? नाही. आस म्हणजे रथ? नाही. जू? तेही नाही. मग रथ कुठे आहे? राजा म्हणतो, हे सगळं मिळून जे होतं, त्याला आपण व्यवहारात रथ म्हणतो. नागसेन म्हणतात, माणसाचंही तसंच.

आता संघाला लावून पाहा. खेळाडू म्हणजे संघ नव्हे, ते दहा-पंधरा वर्षांत सगळे बदलतात. मैदान म्हणजे संघ नव्हे, कोल्हापुरात तर हाडवैरीही एकाच मैदानावर खेळतात. जर्सीचा रंग, नोंदणीचा कागद, हेही नव्हे. मग उरतं काय?

इथे जरा परदेशात जाऊन येऊ. रोमेनियात क्रायोव्हा नावाचं गाव आहे, राजधानीपासून दूर, प्रांतातलं. तिथला युनिव्हर्सितातेया हा क्लब 1948 सालचा. त्याने 1974, 1980, 1981 आणि 1991 साली देशाचं अजिंक्यपद मिळवलं आणि 1983 साली युएफा चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत धडक मारली. 2011 साली तिथल्या फुटबॉल महासंघाने या क्लबला बाहेर काढलं. पुढे त्याच गावात दोन संघ उभे राहिले, आणि दोघेही म्हणू लागले की तो जुना इतिहास आमचाच. प्रकरण कोर्टात गेलं. चषक कोणाचे, नाव कोणाचं, आठवणी कोणाच्या? आठवणींची वाटणी सातबारावर होत नाही, हे आपल्याला इथे हसू येऊन कळतं. पण त्या गावातल्या माणसाला हसू येत नव्हतं. शेजारी शेजारी राहणारे दोघं एकाच विजयाच्या आठवणीसाठी भांडत होते.

यातून आम्ही एवढंच शिकलो. संघ ही वस्तू नाही, ते एक नातं आहे. मागच्यांनी केलेलं आपलं मानायचं आणि पुढच्यांसाठी राखायचं, अशी एक कबुली आहे. ही कबुली देणारी माणसं आहेत तोवर संघ आहे.

पण मित्रहो, आता खरी अडचण येते. आपल्याकडे वडिलांची इस्टेट घेतली की देणंही गळ्यात येतं. तसंच इथे आहे. पन्नास वर्षांपूर्वीचा चषक ‘आम्ही जिंकला’ असं जो म्हणतो, त्याला काल गॅलरीतून आलेला दगडही ‘आमचा’ म्हणावा लागेल. कोल्हापुरात सामन्यांनंतर हाणामाऱ्या झाल्या आहेत, पोलिसांचा बंदोबस्त लागला आहे, खेळ थांबवावा लागला आहे. अशा वेळी काय ऐकू येतं? “ती पोरं आमची नव्हेत, बाहेरची होती.” गंमत बघा, गोल करणारा हजारो मैलांवरून आला तरी तो आमचा, आणि दगड मारणारा शेजारच्या गल्लीतला असून बाहेरचा! हा तर्कदोष आहे. पण हा दोष फक्त कोल्हापूरचा नाही. जात, पक्ष, देश, सगळीकडे आपण हेच करतो. अभिमान वाटून घेतो आणि लाज दुसऱ्याच्या दारात टाकतो.

तालमीची जुनी शिकवण याच्या उलट होती. पोराने बाहेर आगळीक केली तर वस्ताद त्यालाच नव्हे, सगळ्या आखाड्याला जोर काढायला लावायचे. नाव सगळ्यांचं, म्हणून भोगही सगळ्यांचा.

2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. आपण तिन्ही सामने हरलो. पण भारताचा संघ फिफाच्या विश्वचषकात उतरण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि त्या दिवसांत कोल्हापुरात कुणी अनिकेतची पेठ विचारत बसलं नसेल. ‘आमचा’ हा शब्द मोठा करता येतो, हे यावरून दिसतं. प्रश्न एवढाच, की सोबत जबाबदारीही मोठी करायची तयारी आहे का?

आपल्या गावात म्हाळुंगी प्रवरेला मिळते. पुढे नाव प्रवरेचंच राहतं, पण पाणी दोघींचं असतं, आणि गाळही दोघींचाच असतो. नाव घ्यायचं तर गाळासकट घ्यावं लागतं. एवढं बोलून आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, उत्तरं मिळतीलच अशी खात्री मात्र देत नाही.