वॅट किती, यापेक्षा डेसिबल किती?

पेण-रोहा मार्गावर प्रवासी गाडी चालवणारा तिशीतला एक तरुण ओपीडीत आला. ‘‘साहेब, रात्री अंथरुणावर पडलो तरी कानात शिट्टी वाजत राहते. पॅसेंजर बोलतो ते ऐकू येतं, पण नीट कळत नाही.’’ कानात मळ नव्हता, पडदा शाबूत होता. श्रवणचाचणीचा आलेख मात्र ४००० हर्ट्झपाशी खाली घसरलेला. मोठ्या आवाजाने कानाला झालेल्या इजेची ही ओळखीची खूण. गाडीत काय बसवलंय, असं विचारताच चेहरा खुलला. ‘‘दोन हजार वॅटचा अँप्लिफायर!’’

खोक्यावरचा असा मोठा आकडा बहुधा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो. पाहायचा तो ‘आरएमएस’ वॅटचा, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा आकडा. स्पीकर ५० वॅट आरएमएसचा असेल तर अँप्लिफायर दर चॅनलला साधारण तेवढाच घ्यावा. ओहमही जुळलेले असावेत आणि बॅटरीकडून येणाऱ्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज हवा. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. तो दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. म्हणजे वॅटच्या शर्यतीत पैसे जास्त जातात, हाती फार काही लागत नाही.

चांगल्या अँप्लिफायरमध्ये एक मेख आहे. साधा सेट मोठा केला की आवाज फाटतो आणि आपला हात आपसूक बटणाकडे जातो. चांगल्या अँप्लिफायरचा आवाज फाटत नाही, त्यामुळे तो किती मोठा झालाय हे कळतच नाही. गाणं गोड वाटलं तरी कानावरचा भार तेवढाच असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित असतो. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ९५ डेसिबलला आठवड्याचा वाटा जेमतेम सव्वा तास! रोज फेऱ्या मारणाऱ्याचा तो पहिल्याच दिवशी संपतो. धाटावच्या कारखान्यात यंत्रांजवळ पाळी करून गाणी लावत घरी निघणाऱ्यांनी तर दोन्ही आवाजांची बेरीज करावी. कान वेगवेगळे हिशेब ठेवत नाही.

म्हणून काचा बंद ठेवा, म्हणजे रस्त्याच्या गोंगाटावर मात करायला आवाज वाढवावा लागत नाही. शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर आवाज कमी करा. उतरल्यावर कानात गुणगुण राहिली किंवा दडे बसले, तर तो इशारा समजा. हे वारंवार होत असेल तर श्रवणचाचणी करून घ्या.

आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्या तरुणाला मी हेच सांगितलं, ‘‘गेलेलं परत आणायचं औषध माझ्याकडे नाही. उरलेलं राखणं तुझ्या हातात आहे.’’ त्याने अँप्लिफायर काढला नाही, पण आवाजाच्या बटणावर लाल रंगाची खूण केली. आता तो त्या खुणेपुढे जात नाही.