न विरघळणारं औषध

1941 साली ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिन टोचलं गेलं. औषध इतकं तुटपुंजं, की त्याच्या लघवीतून ते पुन्हा वेगळं काढून वापरत. तो सुधारू लागला, पण साठा संपला आणि तो दगावला. मूत्रपिंडं पेनिसिलिनला अंगात थारा देत नाहीत. काही तासांत ते बाहेर.

मग रुमॅटिक हृदयरोग झालेल्या मुलाला एकच सुई देऊन डॉक्टर ‘आता 21 दिवसांनी या’ असं कसं म्हणतात?

करामत बेंझाथिन नावाच्या संयुगाची. त्याच्या एका रेणूला पेनिसिलिनचे दोन रेणू बांधले, की बनणारा क्षार पाण्यात जेमतेम विरघळतो. एरवी हा दोषच! पण स्नायूत खोल टोचल्यावर तो खडीसाखरेसारखा झिजत राहतो आणि आठवडेच्या आठवडे रक्तात चिमूट चिमूट पेनिसिलिन सोडतो. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस या जंतूला तेवढं पुरतं. पेनिसिलिन त्याच्या पेशीभित्तिकेचे दुवे जुळू देत नाही, आणि जंतू फुटतो. आपल्या पेशींना भित्तिकाच नसल्यामुळे त्यांना हा मार लागत नाही. त्याहून नवल म्हणजे, इतकी वर्षं मार खाऊनही या जंतूनं पेनिसिलिनला दाद न देण्याची विद्या अजून मिळवलेली नाही. याच जंतूच्या घशातल्या संसर्गानंतर कधीकधी शरीराचं स्वतःचंच संरक्षक दल सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटतं, आणि त्यातूनच रुमॅटिक हृदयरोग होतो. बिघडलेली झडप सुईनं दुरुस्त होत नाही. पुढचा हल्ला मात्र टळतो. सिफिलिसवरही हेच औषध पहिल्या पसंतीचं. तिथं सुईनंतर काही तासांत थंडी वाजून ताप येऊ शकतो. ती बहुधा ॲलर्जी नसते, जंतू पटापट मरत असल्याची खूण असते.

काही त्रासही याच न विरघळण्याच्या गुणातून येतात. औषध दाट, म्हणून सुई जाड आणि जागा ठणकते. चुकून शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया विरळा, पण जिवावर बेतणारी. आणि एकदा टोचलेला साठा परत काढता येत नाही. म्हणून सुईनंतर थोडा वेळ दवाखान्यातच बसवून ठेवतात. झडप फारच खराब असेल तर काही डॉक्टर गोळ्यांनाच पसंती देतात.

पूर्वी पेनिसिलिननं पुरळ, सूज किंवा धाप आली असेल, तर सुई भरण्याआधीच सांगा. आणि मूल ठणठणीत दिसतंय म्हणून पुढची तारीख चुकवू नका.