जुन्या वस्तूंचा ऑनलाइन व्यवहार

कुंकवाच्या व्यवसायासाठी ओळखल्या जाणाऱ्या करमाळा तालुक्यातील केमसारख्या गावातूनही जुने कपाट किंवा फ्रिज विकण्यासाठी ओएलएक्सवर जाहिरात देता येते. मात्र या संकेतस्थळावर घेणारा व देणारा परस्परांना अपरिचित असल्याने विश्वासाची जागा पडताळणीने घ्यावी लागते. फसतो तो केवळ खरेदीदार, हा समज चुकीचा आहे: लष्करी जवान असल्याची बतावणी करणारा ग्राहक ‘पैसे पाठवतो’ असे सांगून क्यूआर कोड, म्हणजे देयकाचा तपशील साठवलेली चौकोनी खूण, पाठवतो आणि ती स्कॅन करून यूपीआय पिन टाकताच विक्रेत्याच्याच खात्यातून रक्कम जाते, कारण पिन ही पैसे देण्याची संमती असून पैसे स्वीकारण्यासाठी ती लागतच नाही. खरेदीदाराने वस्तू चालवून पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवता येते.