अंगण केवढं, यंत्र केवढं?

पाऊस सुरू झाला की आमच्या माहुरात गवत बघता बघता वाढतं. डोंगराळ भाग, भोवती जंगल. अंगणात गुडघाभर गवत म्हणजे साप-विंचवाची भीती आलीच. लेकरं खेळणार तिथंच, आपण धुणं वाळत घालणार तिथंच. म्हणून गवताचा प्रश्न नुसता शोभेचा नाही, जिवाचा आहे.

जर्मनीतला माझा भाचा परवा फोनवर म्हणाला, ''मावशी, आपोआप गवत कापणारा रोबो घे, वाकायलाच नको!'' स्वीडनच्या हस्कवार्ना कंपनीनं असं यंत्र १९९५ मध्येच आणलं होतं, तेही सौरऊर्जेवरचं. आताची यंत्रं कासवासारखी फिरतात आणि बॅटरी संपत आली की स्वतःच चार्जिंगच्या जागी जाऊन बसतात. पण मैत्रिणींनो, यंत्र बघण्याआधी टेप घ्या आणि अंगण मोजा.

या यंत्रांची क्षमता चौरस मीटरमध्ये लिहितात. आपला एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. म्हणजे ३०० चौरस मीटरचं यंत्र सुमारे तीन गुंठ्यांचं. मात्र सगळा प्लॉट धरायचा नाही. घर, फरशी, भाजीचे वाफे वजा करायचे. आमचा प्लॉट तीन गुंठ्यांचा, पण गवताची जागा भरली जेमतेम दीड गुंठा!

आकार जमला तरी जमीन जमायला हवी. रोबो रोज थोडं थोडं, शेंडे खुडल्यासारखं कापतो. गुडघाभर रानगवत, दगडगोटे, खड्डे त्याला झेपत नाहीत. उतारालाही मर्यादा असते. शिवाय रात्री फिरणारे छोटे प्राणी त्याखाली जखमी होतात, म्हणून जर्मनीतल्या कोलोन शहरानं २०२४ मध्ये तो रात्री चालवायला बंदी केली.

माझा हिशेब साधा आहे. अर्ध्या गुंठ्यापर्यंत विळा-खुरपं पुरे; फक्त हात घालण्याआधी लांब काठीनं गवत हलवून बघा. दोन गुंठ्यांपर्यंत सपाट हिरवळ असेल तर हातानं ढकलायचं यंत्र. त्याहून मोठी, सपाट, राखलेली हिरवळ आणि भरवशाची वीज असेल तरच रोबो. उंचसखल जागेतल्या रानगवताला ब्रश कटर. पायात बूट, डोळ्यांना चष्मा आणि लेकरं लांब. गाजरगवत मात्र फुलण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटा.

आमच्याकडे खुरपणीला येणाऱ्या मावशींनी यंत्राचं ऐकून विचारलं, ''मग माझी मजुरी गेली का, ताई?'' प्रश्न खरा होता. आम्ही बॅटरीवरचं हलकं ब्रश कटर घेतलं आणि ते त्यांनाच शिकवलं. मजुरी तीच ठेवली. त्यांची कंबर वाचली, गवतात हात घालणं टळलं.

तेव्हा अंगण मोजताना एवढंही बघा, की यंत्र आलं तर कुणाचं ओझं हलकं होणार आणि कुणाची चूल अडणार.