खारा वारा आणि वाहनांचा गंज

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. कोकण किनाऱ्यावर ते तुषारांबरोबर वाहनांवर येऊन बसतात, हवेतील ओलावा शोषतात आणि गंजण्याची क्रिया वेगाने चालू ठेवतात. बाहेरील रंग चकाकत असतानाच चासी, मडगार्डची आतली बाजू व दारांचा तळ पोखरला जातो. ब्रेकच्या नळ्या गंजल्यास तर जिवाशीच गाठ. म्हणून वाहन आठवड्यातून एकदा खालूनही गोड्या पाण्याने धुवावे, दारांखालील निचऱ्याची छिद्रे मोकळी ठेवावीत. गंजावरच रंग चढविण्याची पद्धत सर्रास आढळते. तो खर्च वाया जातो. गंज तारेच्या ब्रशाने व पॉलिशपेपरने स्वच्छ पत्रा लागेपर्यंत घासावा, मीठ धुऊन पत्रा पूर्ण सुकवावा आणि त्याच दिवशी प्रायमर लावावा.